चरी गाव आणि त्याचा शेजार



या व्यासपीठावरून आपण मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने ऐकत आला आहात. माझी विद्या शाळेत कमी आणि युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या व्हरांड्यात व कारखान्यांच्या फाटकांवर अधिक झाली. तेव्हा मी आज एखादा सिद्धांत मांडण्याच्या भरीला पडत नाही. एका लहानशा गावाचा आणि त्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांचा हिशेब तेवढा आपल्यापुढे मांडतो.

त्या गावाचे नाव चरी. अलिबागहून वडखळकडे जाताना पोयनाड लागते. त्या पोयनाडच्या परिसरातल्या सखल मुलखात हे गाव आहे. मोठे देवस्थान नाही, किल्ला नाही, बाजारपेठ नाही. परंतु २७ ऑक्टोबर १९३३ रोजी या गावी शेतकऱ्यांनी संप पुकारला आणि तो १९३९ सालापर्यंत चालला. मुंबईच्या गिरणी कामगारांचा १९२८ सालचा संप आपल्या चळवळीत फार गाजला. तो सुमारे सहा महिने चालला होता. चरीचा संप सहा वर्षांच्या घरात गेला. हिंदुस्थानात शेतकऱ्यांचे लढे पुष्कळ झाले. पण शेतकऱ्याने कामगारासारखा, म्हणजे काम थांबवून आणि ठरवून केलेला एवढा दीर्घ संप विरळाच.

इतिहासात हा 'चरीचा संप' म्हणून नोंदला गेला आहे. नाव एका गावाला मिळाले ते योग्यच आहे. पण संप चालवणे हाच ज्याचा धंदा आहे त्याला या नावापाशी एक प्रश्न पडतो. एवढे लहान गाव सहा वर्षे टिकले कसे? निर्धार होता, पुढारी चांगले होते, हे उत्तर खरे आहे. पण अपुरे आहे. निर्धार आणि पुढारी असूनही सहा आठवड्यांत मोडलेले संप मला ठाऊक आहेत. माझे म्हणणे असे की, चरीचा संप चरीच्या शेजाराने टिकवला. शेतीतला संप हा ज्या गावात पुकारला जातो त्या गावात जिंकला जात नाही. तो जिंकला जातो किंवा हरला जातो, तो शेजारच्या गावात. हे कसे, ते समजण्यासाठी आधी ती जमीन समजून घेतली पाहिजे.

धरमतरच्या खाडीच्या आणि तिच्या फाट्यांच्या काठी जो सखल पट्टा पसरला आहे त्याला खारेपाट म्हणतात. पोयनाड, पेझारी, शहाबाज, श्रीगाव, कुसुंबळे ही त्या भागातल्या गावांची नावे. ही जमीन आयती मिळालेली नाही. पिढ्यान् पिढ्या माणसांनी चिखल वाहून ती खाडीकडून मिळवली आहे. खाडीच्या कडेने मातीचा उंच बांध घालायचा, म्हणजे भरतीचे पाणी बाहेर अडते. बांधात मधूनमधून उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे एकाच बाजूला उघडणारे दार. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ते बाहेर उघडते आणि शेतात साठलेले पावसाचे पाणी खाडीत निघून जाते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटते. यात कसले यंत्र नाही. चंद्र भरती-ओहोटी आणतो आणि दार आपले काम करते.

पावसाळ्याच्या पहिल्या सरींनी मातीतला खार धुऊन जाऊ द्यायचा, मग मोड आणलेले भाताचे बी चिखलात फेकायचे, आणि त्या एका पिकावर वर्ष काढायचे. उन्हाळ्यात तीच जमीन पांढरी फटक पडते. चारी बाजूंनी पाणी असलेल्या या मुलखात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मात्र मारामार! गावचे तळे आटले की बायकांचे हंडे दुसऱ्या गावच्या तळ्याची वाट धरतात.

आता बांधाकडे पाहा. खेकड्याने एक बीळ पाडले, त्यातून पाणी झिरपू लागले, तेवढ्यात पौर्णिमेचे किंवा अमावास्येचे उधाण आले, की रातोरात बांध फुटतो. एकदा खारे पाणी आत शिरले की ते 'हे शेत चरीचे आणि ते कोपरचे' असे विचारीत नाही. पाण्याला शीव कळत नाही. म्हणून एका गावचा बांध फुटला तर शेजारच्या गावाने घमेले घेऊन धावायचे, हा या भागातला उपकार नव्हे, रिवाज आहे. बांधांची राखण मिळून करण्याची येथे जुनी पद्धत होती. तिला जोळ म्हणत. ज्याची जमीन बांधाच्या आत आहे त्याने बांधासाठी हात लावलाच पाहिजे. युनियन, वर्गणी, सभासद हे शब्द खारेपाटात पोहोचण्याच्या कितीतरी आधी तिथल्या माणसाला एवढे कळत होते की, शेजारी बुडाला तर आपणही बुडतो.

अशा मेहनतीने मिळवलेल्या जमिनीचे मालक कोण होते? बांध घालणारे नव्हते. जमीन खोतांच्या आणि सावकारांच्या नावावर होती; कसणारे, त्यात बहुसंख्य आगरी, ही त्यांची कुळे. कुळाने मालकाला कबुलायत लिहून द्यायची, ती बहुधा एका वर्षाची. वर्ष संपले की कुळाचा हक्क संपला. पुढच्या वर्षी जमीन द्यायची की नाही, ही मालकाची मर्जी. एकच शेत बापाने कसले, आजाने कसले, तरी कागदावर दरसाल तो नवखाच. मालकाला भाताच्या रूपाने जो हिस्सा द्यायचा त्याला खंड म्हणत. तो भरल्यावर मालकाच्या निरनिराळ्या बाबती असत, आणि त्यांच्या जोडीला वेठ. मालकाच्या घरचे लाकूड फोडायचे, त्याच्या अंगणात राबायचे. याचे मोल विचारायचे नाही. विचारले तर पुढच्या वर्षीची कबुलायत नाही.

हा हिशेब शहरातल्या माणसाला नीट कळावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका कुळाच्या शेतात एक खंडी भात झाले. खंडी म्हणजे वीस मण. त्यातले निम्मे मालकाला गेले. राहिले दहा मण. त्यातून पुढल्या वर्षाचे बी काढायचे, बैलांचा खर्च काढायचा, पावसाळ्यात सावकाराकडून सवाईने उचललेले भात फेडायचे. उरलेल्या चारपाच मणांत बायकोपोरांसह वर्ष. पीक बुडाले तर तोटा कुळाचा, बांध फुटला तर श्रम कुळाचे, आणि जमीन सुधारली तर खंड वाढायचा. कारखान्यात कामगाराला निदान एवढे ठाऊक असते की यंत्र मोडले तर दुरुस्ती मालकाने करायची. येथे यंत्रही कुळानेच नीट ठेवायचे आणि त्याचे भाडेही कुळानेच द्यायचे.

तेव्हा गाऱ्हाणे स्पष्ट होते. प्रश्न होता तो उपायाचा. येथेच गिरणी आणि शेत यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. गिरणीला फाटक असते. संप झाला की आम्ही फाटकावर उभे राहतो. आत जाणारा प्रत्येक माणूस आमच्या नजरेसमोरून जातो, आणि त्याला अडवून दोन शब्द सांगता येतात. जमिनीला फाटक नसते. एका कुळाने जमीन सोडली तर मालकाने काय करावे? शेजारच्या गावातून बैलांची एक जोडी आणि एक गरजू माणूस आणला की काम भागले. गरजू माणसांचा तर कधीच तुटवडा नव्हता. स्वतःची जमीन नसलेला, दुसऱ्याच्या तुकड्याकडे आशेने पाहणारा माणूस प्रत्येक वाडीवर होता. म्हणजे एका गावाने संप केला तर मालकाचे नुकसान होत नाही. त्या गावाची जमीन जाते आणि शेजारच्या गावाची चंगळ होते. संपाचा शत्रू मालकाच्या वाड्यात नसतो, तो शेजारच्या वाडीवर उपाशी बसलेला असतो. त्याला शत्रू होऊ द्यायचा की सोबती करायचा, एवढाच सारा प्रश्न.

हा प्रश्न ज्या माणसाला नेमका उमगला त्याचे नाव नारायण नागू पाटील. कुलाबा जिल्हा शेतकरी संघाच्या वतीने त्यांनी गावोगाव फिरून शेतकरी जागा केला. २७ ऑक्टोबर १९३३ च्या चरीच्या सभेला पंचवीस गावांतले शेतकरी जमले होते असे सांगतात. भात कापणीला येण्याचे ते दिवस. माझ्या दृष्टीने त्या सभेत भाषण कोणी काय केले यापेक्षा त्या पंचवीस गावांचे येणे महत्त्वाचे आहे. मागण्या साध्या होत्या: खंड कमी करा, बाबती आणि वेठ बंद करा, आणि जो वर्षानुवर्षे जमीन कसतो त्याला कूळ म्हणून माना. पण ठरावाचा गाभा मागण्यांत नव्हता. आपली जमीन आपण कसायची नाही, हा ठरावाचा अर्धा भाग. आणि शेजाऱ्याने सोडलेली जमीनही आपण कसायची नाही, हा दुसरा. पहिल्या अर्ध्याला धैर्य लागते. दुसऱ्या अर्ध्याला त्याहून कठीण गोष्ट लागते. समोर रिकामी जमीन पडली आहे, मालक बोलावतो आहे, घरात पोरे भुकेली आहेत, आणि तरीही 'नाही' म्हणायचे.

हे 'नाही' पंचवीस गावांच्या मुलखात कसे टिकले? एक कारण मी आधीच सांगितले. बांध मिळून राखण्याची सवय. दुसरे कारण सोयरिकीचे. या गावांच्या लेकी एकमेकांच्या घरी नांदत होत्या. चरीच्या कुळाने सोडलेले शेत जर शेजारच्या गावच्या माणसाने धरले असते, तर ते त्याने आपल्या मेव्हण्याच्या तोंडचे काढल्यासारखे झाले असते. त्याच्या घरच्या बाईनेच त्याला उंबऱ्याच्या आत घेतले नसते. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण आपण नेहमी वापरतो. चरीने तिला पुरवणी जोडली आहे: शेजार फितूर नसेल तर.

आता दुसरा प्रश्न पोटाचा. संप म्हटला की आमच्या कचेरीत पहिला विषय निघतो तो फंडाचा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. एवढ्या माणसांना पोसणारा फंड कुठल्याच युनियनच्या पेटीत नव्हता. पण कोकणातले, साताऱ्याचे, कोल्हापूरचे कामगार आपापल्या गावी गेले, भावाच्या शेतात राबले आणि तिथल्या भाकरीवर संप लढले. गिरणी कामगाराचा खरा संपफंड गाव हाच होता. चरीच्या शेतकऱ्याला मात्र परत जायला गाव नव्हते. तो गावातच बसला होता. जी भाकर संपवाल्याला आधार देते तीच त्याने बंद केली होती.

मग त्याने काय केले? डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला. खाडीत उतरून मासे आणि खेकडे धरले. दुसऱ्या मुलखात मोलमजुरीला गेला. हे तीन आधार नीट पाहा. डोंगर, खाडी आणि परमुलखातले काम, यांपैकी एकही गोष्ट खोताच्या खात्यावर नव्हती. ज्याच्या हाती आपली सगळी भाकर असते त्याच्याविरुद्ध माणूस लढू शकत नाही. अर्धीमुर्धी का होईना, दुसरी भाकर हाती लागली पाहिजे. आणि लाकडाची मोळी किंवा खेकड्यांची टोपली विकत घेणार कोण? पुन्हा शेजारचीच गावे. या साऱ्यात बाईमाणसाचा वाटा किती होता, हे मोळी डोक्यावर घेऊन कोस दोन कोस चाललेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. सभांच्या वृत्तान्तांत तिचे नाव फारसे नाही. पण सहा वर्षे चूल पेटती ठेवणे हेच त्या संपाचे रोजचे काम होते, आणि ते तिने केले.

इकडे ज्या शेतांसाठी भांडण होते ती पडीक राहिली. खारजमीन पडीक ठेवणे म्हणजे देशावरचे जिराईत शेत पडीक ठेवण्यासारखे नव्हे. बांधाची निगा राहिली नाही तर खार आत येतो, चिपीची रोपे उगवतात, आणि कमावलेली जमीन पुन्हा खाडीची होऊ लागते. मालकालाही हे कळत होते. कूळ गेले तर केवळ एका वर्षाचा खंड जात नाही, जमीनच जाते. जमीन कागदावर मालकाची असेल. पण ती जमीन म्हणून शिल्लक राहते ती कसणाऱ्याच्या हातांनी. संपाने हे कोणत्याही भाषणापेक्षा स्पष्ट दाखवून दिले.

शेजाराचा तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि तो टाळून मी पुढे गेलो तर माझा हिशेब खोटा ठरेल. सोयरिकीने गावे जोडली जातात खरी. पण सोयरीक जातीपुरतीच असते. गावाच्या वेशीबाहेर जो वाडा असतो त्याला गाव आपला शेजार मानते का? मालक चतुर असतो. एका जातीची कुळे संपावर गेली तर तो दुसऱ्या जातीच्या वस्तीचे दार ठोठावतो. आणि ज्या वस्तीला गावाने कधी जवळ केले नाही, तिने गावाच्या संपाची चाड का ठेवावी? म्हणून या लढ्याच्या पाठीशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, या गोष्टीला केवळ मोठ्या पुढाऱ्याच्या पाठिंब्यापेक्षा अधिक अर्थ आहे. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहात ज्यांनी साथ दिली ते अनंतराव चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस याही चळवळीत होते. पाण्याच्या तळ्यावर सुरू झालेली ओळख शेताच्या बांधावर उपयोगी पडली.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. त्यात कुणबीही होते आणि महारही होते. मोर्च्यात खांद्याला खांदा लागला म्हणून गावातला पाणवठा दुसऱ्या दिवशी एक झाला, असे मी म्हणणार नाही. तसे झाले नाही. पण मालकाला ठोठावण्याजोगे एक दार त्या दिवशी कमी झाले. त्याच सुमारास, १९३७ साली, नारायण नागू पाटलांनी 'कृषीवल' हे पत्र सुरू केले. गावोगावची बातमी गावोगाव पोहोचू लागली; अमक्या गावाने कच खाल्ली ही मालकाने उठवलेली आवई आठवड्याभरात खोटी ठरवता येऊ लागली. संप चालवणाऱ्याला या गोष्टीचे मोल विचारा!

बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळातले महसूलमंत्री मोरारजी देसाई यांना अखेर चरीच्या प्रश्नात लक्ष घालावे लागले. १९३९ साली संप मिटला आणि त्याच साली मुंबई प्रांताचा कुळकायदा झाला. कूळ हा केवळ वर्षाचा पाहुणा नाही, त्याला कायद्याचे संरक्षण मिळू शकते, ही गोष्ट प्रथमच कागदावर आली. पण तो कायदा आधी काही जिल्ह्यांनाच लागू झाला. साऱ्या प्रांताला लागू व्हायला १९४६ साल उजाडले. १९४८ साली अधिक व्यापक कुळकायदा आला. त्याने खंडाला मर्यादा घातली आणि बाबती व वेठ बेकायदा ठरवली. १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला. पुढे १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरला. त्या दिवसापासून कसणारे कूळ हे जमिनीचे खरेदीदार मानले गेले आणि किंमत हप्त्यांनी फेडण्याची सवलत त्याला मिळाली. ज्या मागणीसाठी चरीने १९३३ साली औत सोडले, ती पूर्णपणे कायद्यात उतरायला चोवीस वर्षे लागली.

या यशाला बट्टाही आहे, आणि तो सांगितला पाहिजे. कायदा कुळाला मिळाला. ज्याचे नाव कूळ म्हणूनही कुठे लागले नव्हते त्या शेतमजुराला त्यातून जमीन मिळाली नाही. जिने पाण्यात वाकून रोप लावले आणि बांधावर चिखल वाहिला, त्या बाईचे नाव सातबाऱ्यावर क्वचितच चढले. आणि जिथे संघटना नव्हती तिथे, कृषकदिनाच्या आधी, 'मी स्वखुशीने जमीन सोडत आहे' असे राजीनामे कुळांकडून लिहून घेतले गेले. कायदा एकच, पण तो ठिकठिकाणी वेगळा निपजला. का? ज्या कुळाच्या मागे शेजार उभा होता त्याने अंगठा उमटवण्यापूर्वी दोघांना विचारले. जो एकटा होता त्याने कागद वाचला नाही, कारण त्याला वाचता येत नव्हते. आणि वाचून दाखवणारा शेजारी त्याला नव्हता.

आजच्या खारेपाटाची चिंता निराळी आहे. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ पासून रायगड झाले. खोत गेले. पण बांध आहेत, आणि खाडी आहे. घरटी एकदोन माणसे नोकरीला बाहेर पडतात. जमिनीचे तुकडे गिऱ्हाइकांच्या हाती जातात. आणि विकत घेणाऱ्याला शेती करायची नसल्यामुळे बांधाशी त्याचे देणेघेणे नसते. सरकारी खात्याकडे बांधांची जबाबदारी गेली, तेव्हा जोळ सुटली. खाते वेळेवर आले नाही तर धावणारे घमेलेही उरले नाही. मग एकाच्या हद्दीतला बांध फुटतो आणि दहा जणांची शेते खारी होतात. तिथे चिपीची वने माजली की ती तोडायलाही कायदा आड येतो. कांदळवन राखलेच पाहिजे, समुद्राच्या मारापासून किनारा तेच वाचवते. पण जे शेत आपल्या आळसाने वन झाले त्याचा दोष वनाचा नव्हे. शेजार मोडला की खारेपाटात प्रथम बांध मोडतो.

तरी शेजाराची जुनी ताकद अगदीच आटलेली नाही, याचाही एक दाखला देतो. पेण तालुक्यातल्या बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, यावर सरकारला शेतकऱ्यांचे मत मतपेटीतून घ्यावे लागले. जमीन संपादन करताना शेतकऱ्याला विचारायचे असते, ही कल्पना त्या वेळी नवीच होती. एका गावाने हट्ट धरला असता तर पोलीस बंदोबस्तात मोजणी उरकली असती. बावीस गावे एका मुद्द्यावर बसली म्हणून विचारावे लागले. तो प्रकल्प पुढे उभा राहिला नाही.

आपण शहरातली माणसे. आपल्यापैकी फारच थोड्यांना खंड भरायचा आहे. मग चरीचा हिशेब आपल्याला कशाला? मी ज्या कारखान्यांच्या फाटकांवर उभा राहतो तिथे आज एकाच यंत्रावर दोन माणसे काम करतात. एक कायम, दुसरा ठेकेदाराचा. कायम कामगाराच्या पगाराचा प्रश्न निघाला की ठेक्याच्या माणसांची संख्या वाढते. ती माणसे कुठून येतात? जवळच्या वाडीवरून, दूरच्या जिल्ह्यातून, परप्रांतातून. कायम कामगार त्यांना 'बाहेरचे' म्हणतो. डब्याला एकत्र बसत नाही, युनियनचे सभासदत्व त्यांना देत नाही, आणि संपाच्या दिवशी मात्र त्यांनी आत जाऊ नये अशी अपेक्षा करतो. चरीच्या शेतकऱ्याने ही चूक केली असती तर त्याचा संप पहिल्याच पावसाळ्यात संपला असता. ज्याला आपण वर्षभर शेजारी मानले नाही त्याने संपाच्या दिवशी शेजारधर्म पाळावा, असे म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

संघटनेचा अर्थ आपण बहुधा आपल्यासारख्यांची एकी असा करतो. एका खात्यातले, एका गावातले, एका जातीतले लोक एकत्र येणे ही एकी खरी. पण ती स्वस्त आहे. खरी किंमत पडते ती शिवेपलीकडच्या माणसाशी करार करण्याची; कारण आपल्या जागी काम करायला उद्या बोलावले जाणार आहे ते त्यालाच. म्हणून आमच्या नव्या कार्यकर्त्यांना मी एकच काम आधी सांगतो: मालकाच्या केबिनमध्ये निवेदन घेऊन जाण्यापूर्वी, ठेकेदाराच्या माणसांच्या खोल्या कुठे आहेत ते शोधून काढा आणि तिथे जाऊन बसा. चहा प्या, त्यांचा पगार विचारा, आपला सांगा.

चरीच्या शेतकऱ्यांनी हेच केले. त्यांच्या हाती फंड नव्हता, कायदा नव्हता, सहा वर्षांपैकी बराच काळ स्वतःचे वर्तमानपत्रही नव्हते. शीव ओलांडून शेजारच्या गावात जाऊन बसण्याची चाल तेवढी होती, आणि ती बांध घालता घालता अंगी मुरलेली होती. आपण येथून घरी जाल तेव्हा आपापल्या गल्लीचा, आपल्या कचेरीचा, आपल्या कारखान्याचा बांध कोठवर आहे आणि त्याच्या पलीकडे कोण राहते, याची चौकशी अवश्य करा. उधाणाची तिथी पंचांगात सापडते. बांध कधी फुटेल ते सापडत नाही.